दोनशे चौदा वेळा घेतलेलं नाव

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहायचं. मराठीत, कारण इंग्रजी यांना वाचता येतं आणि माझं मराठी अक्षर यांना लागत नाही. कॉन्व्हेंटमध्ये मराठीच्या तासाला सिस्टर आम्हाला भरतकाम करायला लावायच्या, त्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा.

कारण असं. पश्चिम भारत स्मृतिभ्रंश परिषदेनं जीवनगौरव पुरस्कारासाठी अर्ज मागवलेत. अट: तीस वर्षांचं संशोधन आणि किमान दोनशे सायटेशन. मुदत ३१ मार्च, संध्याकाळी पाच. गेल्या वर्षी हा पुरस्कार ज्यांना दिला त्यांचं संशोधन म्हणजे चाळीस वर्षं केलेली आभारप्रदर्शनं.

चौतीस वर्षं मी म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर काम केलं. सोळा पेपर, एक पुस्तिका, एक स्वतःच्या नावाची चाचणी: सरनोबत स्मृती मापिका. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. गेल्या महिन्यात कॉलेजात गेले तर विभागप्रमुखांच्या ओळीतला माझा फोटो काढून वॉटर कूलरच्या वर टांगलाय. मुली वाकून पाणी पितात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नमस्कार करतायत.

मूलबाळ नाही. म्हणजे जे काही मागे राहायचं ते छापलेलंच. हा पुरस्कार मिळाला नाही तर मी आयुष्यभर काय केलं याला पुरावा म्हणून तो फोटो आणि तो कूलर.

यांनी विचारलं, सायटेशन म्हणजे काय. सांगितलं, दुसऱ्या संशोधकानं त्याच्या पेपरात माझ्या पेपरचा उल्लेख करणं. हे म्हणाले, चांगला का वाईट? उल्लेख म्हणजे उल्लेख, मी म्हटलं. हे पस्तीस वर्षं वारणानगरला डेअरीच्या लॅबमध्ये होते. कुठल्याही गोष्टीबद्दल चांगली का नासलेली, एवढंच विचारायची सवय.

३ फेब्रुवारी

इंटरनेटवर स्वतःच्या नावाचं संशोधक-पान उघडलं. स्वतः. कुणाची मदत घेतली नाही. चार तास लागले.

एकूण सायटेशन: ११०६.

पाचशे अपेक्षित होते. विनयानं स्वीकारले.

३ फेब्रुवारी, दुपारी

त्यातले ८९२ उसावरच्या रोगांचे आहेत. दुसरे कोणी एल. सरनोबत, ऊस संशोधन केंद्रातले. काही दिवस तसेच ठेवावेत असा विचार केला. यंत्राची चूक, माझी नाही. हे म्हणाले, ललिता, ऊस तुझा नाही. काढले.

राहिले २१४. दोनशेच्या वर. म्हणजे बसतं.

४ फेब्रुवारी

नीट बघितलं. १९९७ चा पेपर, कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांतल्या स्त्रियांमधला स्मृतिभ्रंश: १३९. २००१ चा पेपर, यमकात बोलणे हे स्मृतिभ्रंशाचे पूर्वलक्षण: ६१. बाकीच्या चौदा पेपरांना मिळून १४, त्यातले अकरा मीच केलेले. त्याला सातत्य म्हणतात.

१९९७ चा पेपर हेच माझं मोठं काम. कुरुंदवाड आणि आसपासच्या गावांत घरोघर जाऊन साठीच्या आसपासच्या २१२ बायका तपासल्या. शंभरात एक्केचाळीस बायकांना स्मृतिभ्रंश. पुरुषांत फक्त सहा. एवढा फरक जगात कुणाला सापडला नव्हता. आणि यमकाचा शोध तर संपूर्ण माझा. साधा प्रश्न विचारला तर या बायका असंबद्ध, पण यमक जुळवून उत्तर द्यायच्या. तसली नोंद जगात दुसऱ्या कुणी केलेली नाही.

६ फेब्रुवारी

सकाळी रंकाळ्यावर फिरताना सहज सांगितलं. तीन वेळा, कारण ग्रुपमधल्या दोघी मागे राहिल्या होत्या. निशिगंधा होती. माझी विद्यार्थिनी, आता माझ्याच खुर्चीत विभागप्रमुख. फोटो कूलरवर लावणारी तीच. म्हणाली, मॅडम, दोनशे चौदा म्हणजे छानच, पण लोकांनी नेमकं काय लिहिलंय ते वाचलंत का?

मत्सर माणसाला किती लहान करतो. तिचे स्वतःचे ३८ आहेत.

१२ फेब्रुवारी

अर्जात कलम नऊ: आपल्या संशोधनाचा प्रभाव दाखवणारे इतरांच्या पेपरांतले दहा उतारे जोडावेत. शब्दशः.

सोपं आहे. २१४ मधले दहा.

१३ फेब्रुवारी

सोपं नाही. नावं दिसतात, पेपर कुलपात. कॉलेजच्या लायब्ररीचा पासवर्ड माझ्याबरोबर रिटायर झाला. पण नावांवरूनही कळतंच. एकाचं नाव, ग्रामीण सर्वेक्षणातले काही धडे. माझे धडे गिरवतायत. दुसऱ्याचं, जे विचारले आणि जे ऐकले. काव्यात्म आहे. तिसरं ब्राझीलमधल्या बाईंचं, कुरुंदवाडहून आलेला इशारा. ब्राझीलमध्ये कुरुंदवाड माहीत आहे, आणि इथे गंगावेशीच्या स्टँडवर विचारलं तर चुकीच्या बसमध्ये बसवतात.

प्रसेनजीतला मेल केली. १९९६ मध्ये तो माझा फील्ड असिस्टंट होता, शिरोळकडचा. आता बंगळूरला मोठा प्रोफेसर आहे. तो घडला माझ्या हाताखाली. त्याच्याकडे सगळे पेपर असणार. शिफारसपत्रही मागितलं.

१९ फेब्रुवारी

प्रसेनजीतचं उत्तर नाही. कामात असेल. मी कामात असताना त्याच्या सुट्टीच्या अर्जाला सहा आठवडे लावायचे.

२४ फेब्रुवारी, सकाळी १०

प्रसेनजीतचा फोन. तीन वेळा विचारलं, मॅडम, तब्येत कशी आहे. दोन वेळा विचारलं, सरांची कशी आहे. मग म्हणाला, शिफारसपत्र आनंदानं देतो, तुम्ही मला मुलाखत घ्यायला शिकवलंत, कुणाच्या उंबऱ्यावर कसं बसायचं ते शिकवलंत, तसं लिहितो. पण ते उतारे नका जोडू.

का, विचारलं.

म्हणाला, मॅडम, वाचायलाच पाहिजेत का ते?

माझा संशय असा: यानं माझं बरंच काही उचललंय आणि ते उघडं पडेल म्हणून घाबरतोय. त्याच्या २००३ च्या पेपरला ६४० सायटेशन आहेत. विषय तोच, गावं तीच. मोठ्या मनानं दुर्लक्ष करायचं ठरवलं.

१ मार्च

तरी जुनं आठवत राहिलं. जून ९६. जीप, चिखल, प्रसेनजीत पुढे बसलेला. मापिकेत वीस प्रश्न होते. सोळाच्या खाली गुण म्हणजे स्मृतिभ्रंश, पंधराच्या खाली म्हणजे गंभीर. त्यातले पाच प्रश्न घरच्यांच्या नावांचे: नवरा, सासरा, सासू, थोरला दीर, थोरली जाऊ. स्वतःच्या नवऱ्याचं नाव आठवत नाही म्हणजे काय राहिलं?

दुसऱ्याच दिवशी प्रसेनजीत म्हणाला होता, मॅडम, या बायकांना नावं आठवतायत, त्या घेत नाहीयेत. माझी आई पण घेत नाही. मी म्हटलं होतं, तुझी आई माझ्या सँपलमध्ये नाही. आणि शून्य लिहायला लावलं.

आणि उखाणा मला कळत नाही असं कुणी समजू नये. कळतो. पण उखाणा लग्नात घेतात. एक शास्त्रज्ञ हातात फॉर्म घेऊन समोर बसली असताना जी बाई उखाणा घेते तिला आपण कुठे आहोत याचं भान नाही, आणि भान नसणं हेच लक्षण. हे तर्काला धरून होतं. आजही आहे.

५ मार्च, दुपारी ४

निशिगंधानं न मागता एक पेपर पाठवला. सहाशे किलोमीटरवरून प्रसेनजीतनं सांगितलं असणार. दोघे मिळालेले आहेत.

आमचा प्रिंटर मधलंच एक पान काढून थांबला. पण पानाच्या पहिल्याच ओळीत मी. सरनोबत (१९९७) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

सर्वांत ठळक. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, कशाचं? मी म्हटलं, ते मागच्या पानावर असेल. आज साजूक तुपातला शिरा केला.

६ मार्च

मागचं पान छापलं. वाचलं.

फिरायला गेले नाही.

८ मार्च

महिला दिनाच्या शुभेच्छा सत्तावीस जणींकडून. कॉलेजच्या ग्रुपवर निशिगंधानं गुलाब टाकलाय.

प्रसेनजीतला मेल केली: सगळे पाठव. त्यानं पाठवले. एक ओळ लिहिली, मॅडम, एकदम वाचू नका.

११ मार्च

एकदम वाचले.

दहा नाही, एकशे सत्तर पेपर. प्रश्नच चुकीचा, मग उत्तराला काय दोष: सरनोबत. संशोधकानं स्वतःच्या समाजाकडे परदेशी माणसासारखं बघितलं की असं होतं: सरनोबत. प्रसेनजीतनं २००३ मध्ये त्याच गावांत तेच प्रश्न नावांचे पाच काढून विचारले, तर शंभरात पाच बायका. एक्केचाळीस नव्हे, पाच. त्या ६४० मधले कितीतरी जण त्याचा उल्लेख करतात आणि लगेच पुढच्या वाक्यात माझा. ब्राझीलच्या बाईंनी तर या प्रकाराला नावच दिलंय, सरनोबत-चूक. दोन पाठ्यपुस्तकांत त्याच नावानं शिकवतात.

शोधाला नाव कितीतरी जणांचं लागतं. चुकीला नाव लागायला ती तशी मोठी असावी लागते. हे यांना सांगितलं. यांनी उठून चहा केला. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, यांनी न सांगता चहा याआधी चारदा केलाय, चारही वेळा घरातलं कुणीतरी गेलं होतं.

१२ मार्च

रडगाणं पुरे. संशोधक पुरावा शोधतो. ठराव: कुरुंदवाडला जायचं. १९९६ चे फॉर्म माळ्यावर आहेत. ज्यांना मी स्मृतिभ्रंश सांगितला त्यांचं पुढे काय झालं ते बघायचं. त्या खरोखरच विसरत गेल्या असतील तर मी बरोबर आणि ब्राझील चूक.

२१२ पैकी हयात असण्याची शक्यता असलेल्या थोड्याच. कुरुंदवाडला फोन करून चौकशी केली. फॉर्म नंबर १७ मधल्या बाई हयात आहेत म्हणाले. झुंबरबाई. तेव्हा वय ५८. गुण १४. शेरा माझ्या अक्षरात: गंभीर. आज ८८. गंभीर आजार तीस वर्षं ओढत आणलाय म्हणजे आता अंथरुणातच असणार. वाईट वाटतंय, पण विज्ञानाला उपयोग होईल.

१४ मार्च, शनिवार

कुरुंदवाड. यांनी गाडी चालवली आणि बाहेरच बसले, ऊन लागतंय म्हणून झाडाखाली.

झुंबरबाई सोप्यात बसून वांगी निवडत होत्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, तुमी त्या जीपवाल्या बाई. जांभळी साडी हुती. आमच्या म्हशीला भिऊन पाय वर घेऊन बसला हुता. या की.

माझ्या मनात आलेला पहिला विचार लिहून ठेवते, कारण ही वही माझी आहे. विचार असा: गंभीर स्मृतिभ्रंश संपूर्ण बरा झाल्याची जगातली पहिली केस. नवा पेपर.

फॉर्म काढला आणि तेच वीस प्रश्न विचारायला लागले. तिसऱ्यालाच थांबवून त्यांनी पुढचे सगळे प्रश्न मला क्रमानं सांगितले. प्रधानमंत्री कोण, हा अकरावा. म्हणाल्या, म्हैनाभरात दोनदा बदलला हुता ओ बाई. मी म्हनलं, परवा येक हुता, आता दुसरा आलाय म्हनत्यात, तुमीच सांगा. तर तुमी खाली मान घालून काय तरी लिवलं.

शून्य लिहिलं होतं.

नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात माझी नोंद होती: वांगी व बैलगाडी यांविषयी बोलते, शून्य. वाचून दाखवलं. झुंबरबाई हसल्या आणि सबंध म्हणून दाखवलं: संगमाच्या काठाला वांग्याची वाडी, गणपतराव हाकतात दोन बैलांची गाडी. म्हणाल्या, दीर बसल्यालं समोर, त्यो तुमचा पोरगा बसल्याला, तसं कसं घेनार नाव? म्हनून जोडून घेतलं. तुमाला आवडंल वाटलं हुतं.

मी म्हटलं, विचारलं की सरळ सांगायला काय हरकत होती. शिकलेल्या बायका सांगतातच.

म्हणाल्या, मग तुमी सांगा तुमच्या मालकाचं.

मी म्हटलं, हे बाहेर झाडाखाली बसलेत.

झुंबरबाई सुनेकडे वळल्या. म्हणाल्या, लिव गं, शून्य.

सून पदर तोंडावर धरून आत गेली. आतून पण आवाज येत होता.

१४ मार्च, संध्याकाळी

पुढचं दुपारी लिहवलं नाही.

झुंबरबाईंनी ८५ साली अकरा बायका जमवून तिथे दूध संस्था काढली. बायकांची. अकरा वर्षं त्याच चेअरमन होत्या. माझा अहवाल आला, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्रत्येक घरी एक. आम्ही मोठ्या कळकळीनं वाटले होते. तो कुणीतरी संस्थेत नेऊन दिला आणि डोकं फिरलेली बाई चेअरमन कशी म्हणून झुंबरबाईंना उतरवलं. तुमचा कागूद आला आनि माझी खुर्ची गेली, म्हणाल्या. रागानं नाही. पाऊस आला आणि वाळवण भिजलं म्हणतात तसं. मग घरातल्या किल्ल्या गेल्या. मग काही विचारणंच बंद झालं. म्हणाल्या, मी बोलाय लागले की सून म्हनायची, आत्ती, असू दे.

आता १२ एप्रिलला संस्थेची निवडणूक आहे. म्हातारीला मत द्यायचंय, बाकी काही नको. पण संस्थेचे सेक्रेटरी विजयसिंह यांनी मतदारयादीवर हरकत घेतलीय, माझाच कागद लावून. सुनावणी ६ एप्रिलला. झुंबरबाई म्हणाल्या, डोकं जाग्यावर हाय, आनि तवाबी हुतं, असा कागूद द्या. तुमीच दिल्याला, तुमीच द्या.

मी म्हटलं, बघते.

१५ मार्च

द्यायला हवा हे उघड आहे. पण कधी, हा प्रश्न आहे. परिषदेच्या अर्जात शेवटी प्रतिज्ञापत्र आहे: माझे निष्कर्ष चुकीचे ठरल्याचे मला ज्ञात नाही. आज कागद दिला तर मला ज्ञात होतं. ३१ नंतर दिला तर अर्ज भरताना ज्ञात नव्हतं. सुनावणी ६ ला. मध्ये पाच मोकळे दिवस आहेत. दोन्ही होतं.

२० मार्च

झुंबरबाईंचा फोन. सून लावून देते. झाला का कागूद. म्हटलं, अभ्यास चालू आहे.

२१ मार्च

झुंबरबाईंचा फोन.

२२ मार्च

फोन. म्हणाल्या, काल पन केलता, परवा पन केलता, मला ध्येनात हाय, तुमच्या हाय का बघाय केला.

२७ मार्च

कलम नऊचे उतारे तयार. दहा. प्रत्येकाचं एकच वाक्य घेतलंय, मागचं पुढचं नाही. सरनोबत (१९९७) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. सरनोबत यांचा अभ्यास विसरून चालणार नाही. सरनोबत यांच्यामुळे या क्षेत्रातल्या प्रश्नावल्या कायमच्या बदलल्या. शब्दशः आहेत. एकही अक्षर माझं नाही.

यांना दाखवले. हे म्हणाले, दुधात पाणी घातलं तर लॅक्टोमीटर सांगतो, ललिता. यात काय घातलंय ते मला सांगता येत नाही, पण पातळ लागतंय.

३१ मार्च, संध्याकाळी ४.५२

प्रतिज्ञापत्रावर खूण केली. चुकीचे ठरल्याचे, असा शब्द आहे. ठरवणारे कोण? परिषद. परिषदेनं अजून ठरवलेलं नाही.

पाठवला.

३ एप्रिल

कागद तयार केला. सात मसुदे. शेवटचा असा: श्रीमती झुंबरबाई यांच्या १९९६ मधील स्थितीत आता लक्षणीय सुधारणा झाली असून सध्या त्यांची स्मृती उत्तम आहे. म्हणजे म्हातारीला मत मिळतं आणि १९९७ च्या पेपरलाही धक्का नाही. तेव्हा आजारी, आता बऱ्या. कुणाचं काही जात नाही. इतका मुत्सद्दी कागद मी नोकरीतही लिहिला नव्हता.

६ एप्रिल

सुनावणीला गेले. झुंबरबाई नव्या लुगड्यात. कागद वाचला गेला.

विजयसिंह उभे राहिले. म्हणाले, मॅडम, तुमचा लई आदर हाय आमाला. मग पिशवीतून माझी पुस्तिका काढली. विसरभोळेपणा की आजार, २००२ ची, आम्हीच सगळ्या ग्रामपंचायतींना फुकट वाटलेली. पान बावीस. हा आजार एकदा झाला की मागे फिरत नाही. म्हणाले, हे तुमीच लिवलंय. मग ह्यांचा कसा फिरला? आजार असल्याचं तर मॅडम कागदात आजबी मान्य करत्यात.

चोवीस वर्षांत ती पुस्तिका कुणी वाचलेली मला ठाऊक नव्हतं. खुणेला बसचं तिकीट घातलं होतं, नीट वाचलेली.

निवडणूक अधिकारी माझ्याकडे वळले. म्हणाले, मॅडम, एवढंच सांगा, ९६ ला आजार होता का नव्हता?

एक शब्द पुरला असता. मी म्हटलं, त्या काळच्या निकषांनुसार होता.

झुंबरबाईंचं नाव यादीतून काढलं. त्या उठल्या, सुनेचा हात धरला, आणि जाताना मला म्हणाल्या, चालायचं. उनाचं आलाय, ताक पिऊन जावा.

८ एप्रिल

काल लिहिलं नाही.

खरा कागद लिहायला बसले. पहिला मसुदा: निदानात त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. यांना वाचायला दिला. हे म्हणाले, कुणाच्या हातून? दुसरा मसुदा. हे म्हणाले, आता कळतं, पण अजून कुणी केलं ते कळत नाही. पाचव्याला जमलं. झुंबरबाईंना १९९६ मध्ये कोणताही आजार नव्हता. माझा प्रश्न चुकीचा होता. मला तेव्हाच सांगितलं गेलं होतं आणि मी ऐकलं नाही. चूक माझी होती.

अधिकाऱ्यांच्या ऑफिसला फोन केला. क्लार्क म्हणाला, निकाल झाला मॅडम, आता निवडणुकीनंतर अपील करा.

पेपर छापणाऱ्या जर्नलला हाच मजकूर पाठवला. मेल परत आली. प्रसेनजीतला विचारलं. म्हणाला, मॅडम, ते जर्नल २००९ ला बंद पडलं, संपादकही गेले. मग म्हणाला, तुम्ही लिहिलंत ते मला पाठवाल का? पाठवलं. माझी आई वाचेल, म्हणाला.

९ एप्रिल

परिषदेला लिहिलं: माझा अर्ज मी मागे घेत आहे. तीन परिच्छेदांत कारणं. आयुष्यातला सर्वांत मोठा त्याग म्हणून नोंद करून ठेवते.

१० एप्रिल

परिषदेचं उत्तर. आपला अर्ज प्राथमिक छाननीतच बाद झाला होता. माघारीबद्दल आभारी आहोत.

१२ एप्रिल, रविवार

कुरुंदवाड. मतदान शाळेत. झुंबरबाई फाटकाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आत सोडत नाहीत, म्हणाल्या, पर कोन कोन येतंय ते तर बघता येतंय. येणारी प्रत्येक बाई वाकून पाया पडत होती आणि आत जात होती.

खरा कागद दिला. सुनेनं मोठ्यानं वाचला. झुंबरबाईंनी परत वाचायला लावला, आणि शेवटची ओळ तिसऱ्यांदा. मग कागद घडी करून चोळीत ठेवला.

म्हणाल्या, पयला कागूद छापून आलता न्हवं? पुस्तकात?

म्हटलं, हो. खूप ठिकाणी.

ह्यो कुठं छापून येनार?

म्हटलं, कुठेच नाही. ते मासिक बंद पडलं.

मग कुनाला कळनार?

म्हटलं, तुम्हाला.

झुंबरबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, मला तर तवाच म्हाईत हुतं. मग सुनेला म्हणाल्या, खुर्ची जरा सावलीला घे.